निळ्या दाराच्या दुकानापुढची मोरी

हॅलो?… कोण, जोव्हॅनिस?… अगं मोठ्यानं बोल, मी वरच्या वावरात आहे, वारा सुटलाय नुसता… हं, आता येतंय.

काय, निघालात?… अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली! देवा, पावलास रे बाबा. सकाळपासून रताळी खणतेय, पण जीव सगळा दवाखान्यात… कशी आहे माझी पोर?… कळा इतक्या भराभर? आणि बाळ आडवं आहे म्हणाली नर्स?… मग मोठं हॉस्पिटलच गाठायला हवं. निन्सीमाचा हात सोडू नकोस. मावशी आहेस तू तिची, तू रडलीस तर तिनं काय करायचं?

आणि ड्रायव्हरला म्हणावं घाटात जरा… घाटातून नाही? मग कुठून?

खालून?

दलदलीतल्या रस्त्यानं? आमच्या?… नाही, नाही. अगं ऐक ना… हो, जवळ पडतो, मला नको सांगूस, नऊ वर्षं त्याचं गवत मी कापतेय, गटारं मी उपसतेय!… ऐक! गाडी वळवायला सांग… कोण म्हणालं चांगला आहे?… ऑफिसात फोन करून विचारलं त्यानं? रस्त्यांच्या यादीत ‘उत्तम’ लिहिलंय?… हो. असेल लिहिलेलं.

कुठवर आलात?… चर्च मागे पडलं? आणि ते निळ्या दाराचं दुकान?… अजून यायचंय ना? नक्की?

जोव्हॅनिस, त्या दुकानाच्या पुढच्या उतारावर मोरी आहे ना, रस्त्याखालची… ती पोकळ आहे. वरून दिसतो तो नुसता मुरूम. खाली आम्ही निलगिरीचे वासे टाकलेत, आणि वाशांच्या खाली पाणी… कुजले गं ते. परवा पहार मारली तर निम्मी आत गेली… सायकल जाते, गाय जाते. गाडी नाही जायची.

फांद्या? लावल्या होत्या ना, दोन्हीकडून, ड्रायव्हर लोक बघून समजतात… शनिवारी मीच उचलल्या… वरचे मोठे साहेब पाहणीला येणार होते म्हणून! उत्तम रस्त्यावर फांद्या कशाला, असं विचारलं असतं त्यांनी… कुठले येतायत, आलेच नाहीत… शिव्या मागाहून घाल, पोटभर घाल, पण आधी फोन त्याच्याकडे दे. दे म्हणते ना!

हॅलो, ड्रायव्हरदादा? मी पेरागिया, निन्सीमाची आई. गाडी थांबवा आधी… अहो, भित्री म्हातारी म्हणा हवं तर… घाटानं दोन तास जास्त लागतात, ठाऊक आहे… कागद आहे, हो. कागदावर मोरी नवीकोरी आहे. पण तो कागद जूनअखेरचा, सरकारी वर्ष संपतानाचा आहे, दादा. आमच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, काम पूर्ण झालं म्हणून अंगठा दे, नाहीतर निधी राजधानीत, कंपालाला, परत जाईल आणि पुढच्या वर्षी तुझी गँगच राहायची नाही. सिमेंटचे नळे काय, मागाहून येतील… आले कुठले! उत्तम रस्त्याला नळे कोण देतं?

…कुणाचा म्हणजे?

माझा. अंगठा माझा आहे. त्या रस्त्याची मुकादमीण मीच… लिहा ना. उशीर का झाला तिथं माझंच नाव लिहा. पेरागिया, आणि खाली… अहो, नोकरी गेली तर जाऊ दे! इतके दिवस नोकरीचंच भ्या होतं, म्हणून तर ही वेळ आली… दादा, पाया पडते, थांबवा… निळं दार दिसलं?… दिसलं?

इंजिन बंद करा. मला ऐकू द्या.

…हं. बंद झालं. बाई गं.

जोव्हॅनिस? तिथंच थांबा सगळे, एक चाक पुढे नको. मी डोलीवाले आणते… घाटानं कसं? तेवढा वेळ नाही तिच्याकडे. डोलीतून पायवाटेनं दलदल ओलांडू, आणि ड्रायव्हरला सांग, हॉस्पिटलला फोन करून दुसरी गाडी पलीकडे मागव… आहे की डोली. जूनमध्ये मीच तोंड वर करून सांगत होते, आता रस्ता झाला, ती चुलीत घाला. कुणी ऐकलं नाही माझं, तेच बरं केलं.

…येतील गं. डोलीला नाही म्हणणारा पुरुष या डोंगरावर अजून जन्मायचाय. पण गाडी असताना डोली कशाला, हे विचारल्याशिवाय खांद्यावर नाही घ्यायचे… सांगीन. दुसरं काय सांगणार?

पुन्हा कळ आली?… ऐकतेय मी, ऐकतेय. तिला म्हणावं आई निघाली. म्हणावं, जरा दम धर, बाळा.

ठेवते… अगं ठेवू दे मला! दोन्ही हात तोंडाशी धरल्याशिवाय हाक पलीकडच्या डोंगरावर पोचत नाही… काय ओरडणार म्हणजे?

चार महिने जे गिळून बसले, तेच.