दीपकच्या लॅपटॉपची मेमरी

हॅलो?… हो, सीमा, बोल गं. … नाही, झाली पूजा. पोथीचा अध्यायही झाला आत्ताच. … काय? थांब, खिडकी लावते. समोर टॉवरचं काम चाललंय ना, रविवारीसुद्धा सुट्टी नाही त्यांना. … हं. आता बोल.

अगं, पण अकराला व्हिडिओ कॉल आहेच ना आपला? मनवा दिसेलच लॅपटॉपवर. अर्धा तास तर राहिलाय. … बरी आहे ना ती?… बरं. खेळू दे, खेळू दे. नाशकात थंडी असेल, पायात मोजे घाल तिच्या.

काय?… आज नको?

… हो, अडकायचा. तू म्हणायचीस ना, 'आई, तुमचा लॅपटॉप अडकतो, मनवा कंटाळते.' खरंच होतं ते. दीपकने पहिल्या नोकरीत घेतलेला, म्हातारा झालाय. पण आता नाही अडकत. … अगं, ऐक ना. मी त्याची मेमरी वाढवून घेतली. … मेमरी. रॅम म्हणता ना तुम्ही, ती. चार जीबी होती, आठ केली. … मीच गेले. लालबागहून बसने, लॅमिंग्टन रोडला. … बरोबर कशाला कोण हवं? तोंड आहे की विचारायला.

पहिल्या दोघांनी तर हातच लावला नाही. 'मावशी, टाकून द्या, नवीन घ्या. असली मेमरी आता येत नाही.' मग एका जिन्याखाली रामदास म्हणून भेटला. त्याने दुसऱ्या एका बंद पडलेल्या लॅपटॉपमधली काढून बसवली. बोटाएवढी पट्टी असते, हिरवी. … हो, माझ्यासमोरच. मागचं झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. आत अक्षता! पंख्यापाशी चार-पाच दाणे, वर हळदकुंकू. म्हणतो, 'मावशी, याचं लग्न लावलंत की काय?' … दसऱ्याचं गं. दीपक करायचा ना पूजा, 'माझं शस्त्र हेच' म्हणून. तो गेल्यावर मी करते, तीन वर्षं. … नाही, आता लांबून फूल फक्त.

हसलीस का? … बरं वाटलं.

… हो, दोन आठवडे झाले बसवून. … मागच्या रविवारी? हो, तेव्हाही बंद पडलाच. आठव्या मिनिटाला. मनवा चित्र दाखवत होती, अर्धंच दिसलं. … मलाही तेच वाटलं, पट्टी नीट बसली नसेल. मंगळवारी परत नेला. रामदासने तासभर चालवून बघितला. स्वतःच्या मोबाइलवरून मला व्हिडिओ कॉल लावला, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला, तिथून चहा पिऊन दाखवला. एकदाही अडकला नाही. मग म्हणाला, बंद पडताना समोर काय आलं होतं? मी उतरवून नेलं होतं कागदावर. इंग्रजी अक्षरं, दिसली तशी.

… काय म्हणणार, सीमा. म्हणाला, 'मावशी, अडकला की चित्र जागच्या जागी थिजतं. हे तसं नाही. समोरच्यांनी कॉल बंद केलाय, असं लिहून आलंय.'

… नको, माफी नको. भांडायला नाही सांगितलं मी. … रागावले नाही गं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण काही येतच नाही. त्या दिवशी तिथून निघाले, स्टॉपवर बसले. आमच्या नंबरच्या तीन बस समोरून गेल्या. चौथीत चढले.

एवढंच म्हणते, की नको असेल तर 'नको' म्हण. लॅपटॉपवर नको ढकलूस. मी मग त्याला घेऊन वणवण फिरत बसते.

… हं. … हं. … कधीपासून? … फक्त रविवारी रात्री? … अंथरुणात? सात वर्षांची झाली की गं. … आणि हितेंद्ररावांना काय म्हणते?

… असं म्हणाली? 'तुम्ही नाही माझे बाबा, आजीच्या भिंतीवर आहेत ते.' … हो, दिसतो तो फोटो माझ्या डोक्यामागे. मुद्दाम नाही बसत मी तिथे. या खोलीत दुसरी भिंत कुठाय, तूच सांग. … काढते. आत्ता उतरवते. … तेवढ्याने नाही भागणार?

… अच्छा. माझ्या आवाजानेसुद्धा होतं तिला तसं.

… ते चांगलेच आहेत. मला सांगतेस? मीच बघून हो म्हटलं ना. मांडवात तुझी ओटी मी भरली, तुझा हात त्यांच्या हातात मी दिला. चाळीतले काय काय बोलले, 'सून उजवते, आई आहे की कोण.' … मग? त्यांचं काही चुकलं नाही. तुझंही नाही.

… उपास? कोणी सांगितलं तुला? … नलू. शेजारीण नाही, आकाशवाणी आहे ती. … हो, धरलाय. मनवाशी अर्धा तास बोलणं झाल्याशिवाय रविवारी अन्न घ्यायचं नाही. … मागच्या रविवारी नाही जेवले. … त्याच्या आधीच्याही नाही. दुसऱ्या दिवशी सोमवारच असतो माझा, तो संध्याकाळी सोडला तेव्हा जेवले. … ओरडू नकोस गं. तो माझा नियम. माझा आणि देवाचा. तुझ्यावर नाही काही.

… तुझ्यावरच आहे म्हणतेस?

… नाही, बोल. मनात ठेवू नकोस. … 'तुम्ही तिकडे उपाशी बसणार, मी इकडे पोरीची ओली चादर बदलणार, आणि वाईट कोण, तर मी.'

… खरं आहे. माझ्या ध्यानात नाही आलं. देवाला सांगताना तू मधे सापडलीस.

किती दिवस बोलायचं नाही म्हणतेस? … मेपर्यंत. … शाळेतल्या समुपदेशक बाई पण तेच म्हणाल्या? मग आधीच सांगायचंस ना मला. … नाही, चालेल. … चालेल म्हटलं ना, सीमा.

… सोडते नियम. आज जेवते. … शपथ कशाला? तांदूळ धुतलेत, टाकायचेच आहेत. … गुरुजींना काय विचारायचं त्यात? मूल कोरडं झोपू दे, एवढं मागितलं तर देव काही हिशेब नाही मांडत.

… नाही, रडत नाही. हात लावून बघितला गालाला, कोरडाच आहे. … मेमरी? ती परत घेत नाहीत. राहू दे बसलेली.

मनवाला काय सांगशील? … नको, लॅपटॉपचं नको. तो आता धड चालतो, आणि तिला ते कळेल. … मग? … थांब, मागे कोण बोलतंय? … नको, तिला नको देऊस. सीमा, ऐक, आत्ता नको…

हॅलो?… मनवा. … हो, आजीच. … झालं का चित्र पुरं? मोर होता का तो! मला वाटलं झाडू. … बरं, बरं, चुकलं माझं. किती पिसं काढलीस? … एवढी!

… नाही बाळ, आज लॅपटॉप नाही. … छे, आई कुठे नाही म्हणाली? आईने तर आठवण करून द्यायला फोन केला. आजीच नाही म्हणाली. … आजीला वेळ नसतो गं रविवारी. … देवळात. खूप काम असतं. … हो. … हो, मनवापेक्षा जास्त.

… पुढच्याही रविवारी.

… रागाव. चालेल. … जा, मोर बाबांना दाखव. … ते नाही गं. घरात कोण बसलंय आत्ता? … हां, चहा पितायत ना, ते. … हो, तेच.

… ठेवते हं. … नाही, आज आजीच ठेवते.