वाटणाऱ्याचा वाटा

हसू नका, पण ‘शेअर’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ मला डिक्शनरीत नाही, तलावाच्या पाळीवर कळला.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमगावजवळच्या एका खेड्यात मी नवा मास्तर होतो. ‘शेअर म्हणजे वाटून घेणे’ असं सकाळीच फळ्यावर लिहून आलो होतो. उन्हाळ्यात तलाव आटला की सगळं गाव मिळून मासे धरायचं, म्हणून दुपारी मीही चिखलात उतरलो. तलावाची राखण करणारे म्हातारे सोमाजी म्हणाले, “गुरुजी, तुमी शिकलेले. वाटे तुमीच पाडा.”

माझं धरून अकरा घरांचे अकरा वाटे मी पाडले. एका वाट्यात जाडजूड मरळ पडला, आणि गुरुजीचा मान म्हणून नेमका तोच मी सगळ्यांच्या आधी उचलला.



“ठेवा थो,” सोमाजी म्हणाले. “वाटनारा आखरीले उचलते.”

“काऊन?” मला खरंच कळेना.

“आखरीले उचलाचा असला का वाटे आपोआप सारखे पडतेत.”

मी गुपचूप पुन्हा बसलो आणि त्या मरळाचे अकरा तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्ती केली: ‘वाटून, शेवटी घेणे.’ तपासणीला आलेले साहेब ते वाचून चक्रावले. “मास्तर, हे ‘शेवटी’ कुठून आणलंत? डिक्शनरीत तर नाही.”

म्हटलं, “साहेब, डिक्शनरीवाल्याला कुणी मासे वाटायला बसवलं नसेल.”