प्रसादातली पुडी

(निजामी अमदानीचं शेवटचं वर्ष. अणदूरला सिद्रामप्पांच्या घरी हकीम खाजामियाँ आलेत. म्हातारे सिद्रामप्पा भिंतीला टेकून बसलेत, डोळे मिटलेले. सून लक्ष्मम्मा दाराशी उभी आहे.)

खाजामियाँ : मिठाचं परहेज मोडलं का कुणी? खरं सांग, बेटी. मी रागवायला आलो न्हाय.

लक्ष्मम्मा : न्हाय, हकीमसाब. तीन महिनं झालं, भाकर, आमटी, समदं अळणीच करते. मामंजींना एकट्याला नको वाटाया म्हणून म्याबी तेच खाते.

खाजामियाँ : लोणचं, पापड?

लक्ष्मम्मा : लोणच्याची बरणी म्या माहेरी पाठवून दिली.

खाजामियाँ : मग सूज मांडीपर्यंत चढली कशी? बोट दाबलं की खड्डा पडतोय. मागच्या बारीला नुसते घोटे सुजले होते. दुसऱ्या कुणाची दवा चालू हाय?

लक्ष्मम्मा : तुमच्याबिगर कुणाची न्हाय. तुमचीच पुडी तेवढी घेत्यात.

खाजामियाँ : कुठली पुडी? आप्पांना मी पुडी दिलीच न्हाय.

लक्ष्मम्मा : मला दिल्ती की. छातीत जळतंय, आंबट पाणी वर येतंय म्हणून आलते तवा.

खाजामियाँ : ती तुझी होती, लक्ष्मम्मा.

लक्ष्मम्मा : माझीच. पर आमच्यात गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याबिगर कायबी तोंडात घालत न्हाईत, तुमाला ठावं हाय. दवाबी दाखवली. दाखवली की परसाद झाला. मामंजी शेजारीच बसल्याले. परसाद एकटीनं कसा खावा? आन त्येंच्याबी छातीत जळत हुतंच. अर्धी त्येंना दिली, अर्धी मी घेतली.

खाजामियाँ : एकदाच?

लक्ष्मम्मा : पैल्या दिशी ढेकर आली, लई आराम पडला. मग सकाळ-संध्याकाळ मागाया लागले. माझं थांबलं तवा माझ्या वाट्याचीबी त्येंनाच दिली. पुड्या सरल्या. खायचा सोडाच हाय म्हणून तुमीच सांगितल्यालं, म्हणून दुकानातनं आणला. पंधरा-वीस दिस झालं असत्याल.

खाजामियाँ : सोडा मिठाचाच भाऊ हाय, बेटी. जिभेला तेवढा खारट लागत न्हाय, पर अंगात पाणी तसाच धरून ठेवतो. तुझ्यासारख्या धडधाकट बाईला दोन-चार दिवस चिमूटभर चालतो. ज्याचं काळीज थकलंय, पायावर सूज हाय, त्याला चालत न्हाय. जळजळ दोघांची सारखी असली तरी दवा सारखी नसते.

लक्ष्मम्मा : म्या बरं वाटतंय म्हणून देत गेले.

खाजामियाँ : मी तुला एवढंच म्हणालो, जळलं की घे. कुणी घ्यायची न्हाय ते सांगितलंच न्हाय. घरात आप्पा असे हायेत हे ठाऊक असून. गलती माझी हाय.

लक्ष्मम्मा : आता बंद करते. पाणी उतरंल न्हवं?

खाजामियाँ : छातीत भरलंय.

लक्ष्मम्मा : सोलापूरला नेऊ. ह्ये तिथंच गिरणीत हायेत, मोठा डाक्टर बघत्याल.

खाजामियाँ : सरहद्दीवरचा नाका बंद हाय. आठ दिवस झालं, गाडी पलीकडं सोडत न्हाईत. आणि सोडली तरी बैलगाडीच्या धक्क्यानं हे नळदुर्गसुद्धा गाठायचे न्हाईत. तुझ्यापासून काय लपवू?

सिद्रामप्पा : खाजामियाँ, ऐकू येतंय मला.

खाजामियाँ : बोलू नका, आप्पा. दम लागंल.

सिद्रामप्पा : तो तसाबी लागतोय. पोरीनं माझ्यापायी मीठ सोडलं. तिनं माझं वाईट चिंतलं न्हाय. शिवशरण आला की त्याला पुडीचं सांगू नका. बापाचं वय झालतं म्हणा.

खाजामियाँ : तसं म्हणालो की माझीबी गलती झाकली जाती, आप्पा. तसं म्हणाया माझी जीभ रेटत न्हाय.

सिद्रामप्पा : जाऊ द्या झाकून. त्याला जलमभर हिच्याच हातचं खायचंय.

खाजामियाँ : बरं. वय झालतं म्हणून सांगतो.

लक्ष्मम्मा : त्येंना तुमी सांगाल, हकीमसाब. मला कोण सांगंल?