बेबाअक्काच्या दारातला सोफा

...आणि वर ऑफिसवाले आम्हालाच विचारतात, सोफा आणायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? घ्या! अहो, सरकारी माणूस घरी येणार, घर बघणार, पोर बघणार, आणि त्याला काय फाटक्या गोधडीवर बसवायचं? तुम्हाला सांगतो, भडगावकडे ही रीत नाही. आमच्या गल्लीत वीज तोडायला माणूस आला तरी आधी पाणी, मग चहा, आणि मग भांडण!

मूळ गोष्ट एवढीशी. गल्लीच्या टोकाला बेबाअक्का राहते, पत्र्याची एक खोली, आणि सोबत नात, डिंपल, दुसरीतली. डिंपलची आई म्हणजे अक्काची एकुलती एक लेक, ती तापाचं निमित्त होऊन गेली, आणि बापाने सुरतेला दुसरं घर मांडलं, वर फोन नंबरही बदलला. अक्का कापूस वेचायला जायची, आता गुडघे गेले. कोणीतरी सांगितलं, अशी पोरं सांभाळणाऱ्याला सरकार महिन्याला मदत देतं, बालसंगोपन म्हणतात. अक्काने अर्ज केला. आता अर्ज म्हटला की चकरा आल्या... साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. अक्का म्हणते, "ठीक शे." आजी, मशीनवर तुमचा अंगठाच उमटत नाही. "ठीक शे." लेक गेली त्या दिवसापासून तिच्या तोंडात हे दोनच शब्द उरलेत. रडत नाही, चिडत नाही, ठीक शे म्हणते आणि परतीची एस.टी. धरते.

शेवटी जळगावच्या ऑफिसातले बाबू, नाकातून बोलतात ते, म्हणाले, "आज्जी, गृहभेट होईल. मॅडम येऊन बघतील, मुलीचा सांभाळ नीट होतोय की नाही. होत नसला तरी काळजी करू नका हां, बालगृह आहे, तिथे सगळं फुकट!" काळजी करू नका! अहो, पोर बालगृहात जाऊ नये म्हणून तर बाईने अर्ज केला होता! पण अक्का तोंडाने काय म्हणाली? तेच!

झालं. गल्लीला कळलं. आमच्या गल्लीत एकाच्या घरी पाहुणा म्हणजे सगळ्यांच्या घरी पाहुणा. जितेंद्र, केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, त्याला मोबाइलवरून सगळे कायदे कळतात, तो म्हणाला, "अक्का, घर चांगलं दिसाले पाहिजे, नही ते पोरले बालगृहमा लई जातीन!" एवढं ऐकलं आणि सज्जनबाई उठल्याच. सज्जनबाई म्हणजे किराणावाल्या सोहनलालशेठच्या घरच्या, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. "बेबाबाई, गल्लीची काही इज्जत आहे की नाही? माझा सोफा घेऊन जा म्हणते ना मी!" मुलाच्या लग्नातला सोफा हो, अजून प्लास्टिक काढलेलं नाही! मग जितेंद्रने कूलर आणला, समोरच्या कमलबाईने काचेच्या बशा आणल्या, कोणी टीव्ही आणून धान्याच्या कोठीवर ठेवला. वायर कुठेच लावलेली नाही, पण ठेवला. खोली इतकी भरली की अक्कालाच बाहेर उभं राहावं लागलं. डिंपलला शेजारच्या मयुरीचा वाढदिवसाचा फ्रॉक घातला आणि सोफ्यावर बसवून ताकीद दिली, हलू नकोस, प्लास्टिक वाजतं.

मॅडम आल्या. बसल्या. आता जेवणाची वेळ, उपाशी पाठवायचं का? भरीत, पुऱ्या, शेवभाजी... मॅडमनी नको नको म्हणत भरीत दोनदा घेतलं. घाम पुसत म्हणाल्या, "आजी, सोफा छान आहे हो तुमचा." अक्का सरळ बाई, तोंड उघडलं, "सोफा ते..." तेवढ्यात दारातून सज्जनबाई, "त्यांचाच! सगळं त्यांचंच आहे!" मॅडमनी फोटो काढला. जाताना म्हणाल्या, "मुलगी अगदी सुखात आहे." गल्लीने टाळ्या वाजवल्या, जितेंद्रने पेढे वाटले, आणि सोफा परत गेला.

महिन्याभराने कागद आला. घरची आर्थिक परिस्थिती चांगली, मदतीची गरज नाही!

"ठीक शे," अक्का म्हणाली.

तिथून ती पुन्हा चकरा मारायला लागली, आणि पुन्हा गृहभेट ठरली. या वेळी गल्ली पेटली होती. दाखवतोच त्यांना गरिबी म्हणजे काय! तुम्हाला सांगतो, आणलेलं सगळं तर परत गेलंच होतं, पण आता अक्काची स्वतःची खाट नेली, पंखा उतरवला, पाण्याचं मडकंसुद्धा उचललं. कमलबाई म्हणाली, पोरीचे केस विंचरू नका आज. अक्का रोज सकाळी पोरीला तेल लावून दोन वेण्या घालते, आईने घातल्या असत्या तशा. तिने फणी हातात घेतली, जरा वेळ धरली, आणि खाली ठेवली.

या खेपेला एक सर आले. भला माणूस हो, खरंच भला! पाणी मागितलं तर घरात मडकं नाही. जमिनीवर बसले. डिंपलला विचारलं, "बाळा, झोपतेस कुठे?" पढवलेलं पोर, म्हणालं, "खाली." "आज काय जेवलीस?" "काहीच नाही." वरण-भाताचं शीत हनुवटीला चिकटलेलं, पण सरांच्या डोळ्यांतच पाणी, त्यांना दिसणार कसं? जाताना अक्काचे हात हातात घेऊन म्हणाले, "आजी, मी मनापासून लिहितो."

लिहिलं की मनापासून! घर मुलीला राहण्यायोग्य नाही, तातडीने बालगृहात ठेवावे.

मग काय... नेऊन सोडायच्या दिवशी अक्काने भरपूर तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. जळगावच्या एस.टी.त डिंपलने विचारलं, "आजी, मन्हं काही चुकनं का?" तेवढं एकदाच अक्का ठीक शे म्हणाली नाही. "नही माय," म्हणाली, "तुन्हं काहीच चुकनं नही." एरंडोल मागे पडलं तरी तिने पोरीचा हात सोडला नव्हता. येताना एकटीच आली, पदरात तेलाची रिकामी बाटली.

आता परवाचं ऐका. दिवाळी तोंडावर आली, म्हणून अक्का पोरीला सुट्टीसाठी घरी आणायला गेली. तिथल्या बाई गोड बोलल्या, "न्या की आजी, तुमचीच नात आहे! फक्त आधी एक गृहभेट होईल."

"ठीक शे."

आली गल्लीत आणि उभी राहिली. सगळे जमले. सज्जनबाई सोफा पुन्हा घेऊन आल्या, म्हणतात ठेवा, जितेंद्र म्हणतो काढा, सोहनलालशेठ म्हणतात अर्धी परिस्थिती दाखवा, आता अर्धी परिस्थिती म्हणजे काय, कूलर ठेवायचा आणि पाणी काढायचं? चौघे आत ढकलतात, चौघे बाहेर ओढतात, आणि तुम्हाला सांगतो, सोफा दारात जो अडकला तो अडकलाच, अर्धा घरात, अर्धा गल्लीत! दोन दिवस झाले, बेबाअक्का त्याच्यावरून चढून आत जाते आणि चढून बाहेर येते, गुडघे धरून. काल मी म्हटलं, अक्का, कुऱ्हाड आणून तोडू का? तर तिथेच सोफ्याच्या हातावर बसली, प्लास्टिक वाजलं, आणि म्हणाली,

"राहू द्या भाऊ. कोन येस ते पाहू. ठीक शे."