देवी एक खोटं मागते

(शनिवारची संध्याकाळ. दातांचा दवाखाना बंद झालाय. पेशंट बसतात त्या खोलीतल्या टेबलावर, मासिकं बाजूला सारून, सोंगं घेऊन खेळायच्या खेळाचा, हाताने काढलेला एक नकाशा पसरलाय.)

ताई : नाही, बसत नाही मी. माझे फासे दे, निघते. आणि पुढच्या शनिवारपासून मला धरू नका.

धाकटा : ताई, एका खेळावरून एवढं?

ताई : एका खेळावरून? गेल्या शनिवारी घरी गेले तर हे विचारतात, चेहरा असा का, कोण गेलं? म्हटलं, मीच गेले. सख्ख्या भावानं घालवलं.

डॉक्टर : तशी खेळातली तुझी चोर, चिचुंद्री, अजून पुरती गेलेली नाही, ताई. बाण छातीत आहे, पण धुगधुगी आहे.

ताई : तू मध्ये पडू नकोस, डॉक्टर. खेळ तू चालवतोस, वेशीवरचा शिपाई तुझा, बाणही तुझा. पण बोट कुणी दाखवलं?

धाकटा : शिपायानं विचारलं, तुमच्यात कुणी चोर आहे का?

ताई : मग?

धाकटा : मग मी म्हणालो, आहे. ही.

ताई : वर नाव सांगितलंस! चिचुंद्री! आणि सुरी कुठल्या बुटात असते तेही!

धाकटा : तेही त्यानं विचारलं होतं. अगं, मी पॅलाडिन आहे. सत्यदेवाचा योद्धा. शपथ घेतलीय. एक शब्द खोटा बोललो की माझ्या तलवारीचा उजेड जातो.

ताई : जाऊ दे की मग! कंदील घेतला असता.

डॉक्टर : एक बोलू? आपल्या या जगात देव गल्लोगल्ली आहेत. मी स्वतः बसून बनवलेत. आणि या जगापुरते सगळे खरे आहेत. ऐकतात, चिडतात. पण तू आपला असा वागतोस, जणू तुझा तेवढा देव आणि बाकीचे भाडेकरू. वादळाच्या देवाच्या देवळात जाऊन पुजाऱ्याला काय म्हणालास?

धाकटा : आवाज जरा कमी करा म्हणालो.

डॉक्टर : वादळाच्या देवाला! आणि मदिरेच्या देवीच्या दारातली पिंपं?

धाकटा : ओतली. लोकांच्या भल्यासाठी.

ताई : त्यावर ज्या गारा पडल्या, त्या आमच्या टाळक्यात. तुझ्या डोक्यावर लोखंडी टोप होता.

धाकटा : सत्याची वाट सोपी नसते, ताई.

ताई : हे बघ, हे! हे असं बोलायला लागलास की मला तुझ्याच तलवारीनं तुला हाणावंसं वाटतं. आणि चष्म्याच्या दुकानात काय करतोस रे, सत्यवादी? परवा मी आले होते तेव्हा एक बाई ती जाड लाल फ्रेम घालून आरशात बघत होती. काय म्हणालास तिला?

धाकटा : म्हणालो, तुमच्या चेहऱ्यासाठीच बनवलीय.

ताई : आणि दिसत कशी होती?

धाकटा : आगीचा बंब.

डॉक्टर : अरे देवा.

धाकटा : हसा. मलाही कळतं. दिवसभर दुसरं काय करतो मी? शोभतो तुम्हाला. वय कमी दिसतं. घट्ट नाही, सवय होईल. घरी गेलो तरी तोंडातून तेच. बायको विचारते, ही साडी कशी दिसते, आणि मी काही म्हणायच्या आत तीच म्हणते, राहू दे, तू चष्मे विकतोस. मग शनिवारी तेवढं मला खरं बोलणारा माणूस होता येतं. डॉक्टर म्हणतो ना, तलवार उजळली... तेव्हा मला खरंच बरं वाटतं. टक्कल पडलेल्या या वयातही बरं वाटतं.

डॉक्टर : मी दिवसभर म्हणतो, दुखणार नाही.

ताई : दुखतं.

डॉक्टर : माहितेय. म्हणूनच ही देवी बनवली. ऐक. जखमी चिचुंद्रीला पाठुंगळी घेऊन तू डोंगरातल्या एका देवळापाशी आलायस. ही मायेच्या खोट्याची देवी. आजाऱ्याला 'आज बरा दिसतोस' म्हणणाऱ्यांची. पुजारीण सांगते, चिचुंद्री वाचेल. देवीला फक्त तुझ्या तोंडून एक खोटं हवंय.

धाकटा : दुसरा कुणी देव नाही का जवळपास?

डॉक्टर : होते. सगळ्यांशी भांडून झालंय तुझं.

ताई : राहू दे, डॉक्टर. तो नाही तलवार घालवायचा. मला या फाशांतलं ओ की ठो कळत नव्हतं. भाऊ एरवी भेटत नाही, शनिवारी तरी समोर बसतो, म्हणून शिकले. आणि त्यानं बोट दाखवलं. मला बाणाचं नाही वाईट वाटलं. एका क्षणाचाही विचार नाही केला, त्याचं वाटलं.

धाकटा : थांब, ताई. मी बोलतो. हे देवी, आकाश हिरवं आहे.

डॉक्टर : पुजारीण म्हणते, हा बावळटपणा झाला. खोटं माणसाला उद्देशून असावं. बोलताना जरा लागावं.

धाकटा : बरं. ती पिंपं ओतल्याचं मला फार वाईट वाटतं.

डॉक्टर : पुजारीण म्हणते, हे खरं आहे.

धाकटा : असं कसं?

डॉक्टर : चेहरा बघ तुझा. शेवटची संधी. चिचुंद्रीचा श्वास अडकतोय.

धाकटा : चिचुंद्रे... ऐकतेस? तू नसलीस तरी माझं काही अडणार नाही. शनिवार काय, कुणाहीबरोबर जाईल. मला सवय होईल.

ताई : (खुर्ची ओढून बसते.)

धाकटा : डॉक्टर, फासा टाक ना.

डॉक्टर : गरज नाही. धडधडीत खोटं. देवी तृप्त झाली. बाण आपोआप गळून पडला, चिचुंद्रीनं डोळे उघडले.

धाकटा : आणि तलवार?

डॉक्टर : विझली.

धाकटा : पूर्ण?

डॉक्टर : मिट्ट काळोख.

धाकटा : म्हणजे आता मी लोखंडी कपडे घातलेला चष्मेवाला.

ताई : चिचुंद्री उठते. त्याचा हात धरते. तिला अंधारात चालायची सवय आहे.

धाकटा : ताई... तुझे फासे. पिशवीत भरून ठेवले होते.

ताई : राहू देत इथंच. दर शनिवारी एवढं ओझं कोण वाहून आणणार?