आता काय बदललंय

फ्रेस्नोच्या कम्युनिटी कॉलेजात आर्थिक मदतीच्या खिडकीपुढे योलांडा रांगेत उभी होती. तिच्या पुढची मुलगी अर्ज लिहीत होती. शेजारी काठी टेकून त्या मुलीचे वडील.

"इत्सेल, घोडं कुठं अडलं?"

"दोन विषयांत नापास झाले म्हणून मदत थांबवलीय, बाबा. का झाले ते लिहिलंय. तुम्हाला डायलिसिसला नेताना तास बुडाले."

"माझं दुखणं कशाला चव्हाट्यावर?"

"खरं तेच लिहिलंय. पण आता काय बदललंय, तेही लिहायचंय. त्याशिवाय मदत परत सुरू होत नाही."

"लिही, वडील बरे झाले."

"डॉक्टरांचा दाखला जोडलाय, त्यात डायलिसिस चालूच असल्याचं लिहिलंय."

"हं. मग लिही, वडील आता एकटेच बसने जातात."

"तुम्ही? जन्मभर ट्रक चालवलात आणि बसला म्हाताऱ्यांची पेटी म्हणायचात."

"आज आलोच ना पेटीतून?"

"मी सोबत होते. तरी सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून, रुसल्यासारखे."

"रुसलो नव्हतो. थांबे पाठ करत होतो. दवाखाना टायरच्या दुकानानंतरचा."

इत्सेलने अर्ज पुढे ओढला. मग तिने लिहिलं.

"वाचून दाखव."

"'माझे वडील आता डायलिसिसला एकटे बसने जातात.'"

"कर सही."

तिने सही केली, तोच खिडकीतून तिचं नाव पुकारलं. वडील काठी उचलून दाराकडे वळले.

"बाबा, कुठे निघालात? माझं झालं की जाऊ की दवाखान्यात, दोघं."

"सही केलीस ना, पोरी? मग ते खरं करायला नको?"