पलीकडच्या यंत्रावरचा माणूस

—नाही हो, तुमचं चुकलं असं मी म्हणतच नाही, आधी बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, ह्या खोक्यावर बसा. कॉफी घ्या — डब्यातली आहे, पण गरम आहे. फक्त जरा हळू बोलू या. निशिवाकी-सान मागच्या गल्लीत सिगरेट ओढायला गेलाय, एक संपवून दुसरी पेटवतो, म्हणजे दहा मिनिटं आहेत आपल्याकडे. तर काय सांगत होतो — तुमच्या अमेरिकेत मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या एकाच यंत्रापुढे दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात, मी पाहिलंय, जुनी यंत्रं विकत घ्यायला कॅलिफोर्नियात आलो होतो एकदा. कोपराने ढोसतात काय, कानात शिव्या देतात काय, हरलेला जिंकलेल्याला मिठी मारतो काय — मजा वाटली मला. इथे जपानात तसं नाही. इथे यंत्रं पाठीला पाठ लावून ठेवलेली. पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही, आणि उठून वळसा घालून बघायचं नसतं. असं कुठे लिहिलंय का? नाही लिहिलेलं. पण आमच्या आमागासाकीत शाळेतल्या पोरालाही ते कळतं. आणि तुम्ही कुतूहलाने वळसा घातलात, आणि बघता तर काय — दुकानाचा मालक, अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, चष्मा कपाळावर, आणि निशिवाकीकडून ठरवून हरतोय.

हो, ठरवूनच. तुमच्यासारख्या मुरलेल्या खेळाडूपुढे खोटं कशाला बोलू? एकोणीस वर्षं. रोज दुपारी दोन वाजता.

त्यामागे व्यापार होता, दुसरं काही नाही. माझं मूळ दुकान छत्र्यांचं. यंत्रांतलं मला काही कळत नव्हतं, सगळं पाहून पाहून शिकलो — आणि एक शिकलो ते असं, की दुकानात एक अजिंक्य माणूस बसलेला असला की यंत्र नवं आहे की जुनं हे कोणी विचारत नाही. त्याला पाडायला म्हणून लोक येतात. क्योतोहून यायचे, कोबेहून यायचे, एक दाताचा डॉक्टर तर पेशंट खुर्चीत बसवून यायचा — खोटं नाही सांगत, त्याची नर्स बोलवायला यायची, म्हणायची, डॉक्टर, त्या आजोबांचं तोंड अजून उघडंच आहे. तर निशिवाकी तेव्हा बोल्टच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला लेथवर होता, हात चांगला, पण अजिंक्य वगैरे नव्हे. एका रविवारी सलग तीस जिंकला. मागे ही गर्दी. एकतिसाव्याला समोर कोणी बसेना. आता पाणी टाकलं नाही तर चूल विझते ना — छे, उलटं झालं, लाकूड म्हणायचं होतं मला. तर मीच गुपचूप पलीकडे जाऊन बसलो. मी किती चांगला खेळतो हे कोणाला माहीत नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगतो, मी त्याला तेव्हा झोपेत हरवलं असतं. पण हरलो. अगदी केसाएवढं अंतर ठेवून हरलो. लोकांनी काय टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चांगला कोणी परगावचा आला की त्याच्याआधी आपणच जागा अडवायची. दुकान चाललं. दुकान झकास चाललं.

इथवर ठीक होतं. पण मग त्याने कारखाना सोडला. हो, सोडला, आणि तुमच्याकडच्या त्या मोठ्या स्पर्धेला गेला. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो, तांदळाचे गोळे बांधून दिले. काय बोलायला हवं होतं मी? म्हणायला हवं होतं, बाबा, तू जिंकलेले निम्मे डाव माझे आहेत? म्हटलं, नीट जा, पाणी उकळून पी.

पहिल्या तासात दोनदा हरून बाहेर. का, ते तुम्हाला लगेच कळेल. मी हरायचो ना, तर एकाच पद्धतीने हरायचो — पडद्यावरचा माझा पैलवान उडी मारून खाली आला की क्षणभर त्याचं पोट उघडं ठेवायचं. तो तिथे मारायचा. रोज तिथे मारून मारून त्याच्या हाताला तेच वळण लागलं. तुमच्या माणसांनी पोट उघडं ठेवलंच नाही. माझ्या चुका मी त्याला शिकवल्या, साहेब, आणि खेळ म्हणून शिकवल्या. परत आला तेव्हा माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणला होता. म्हणाला, मालक, तिथली बटणं जरा जड होती. मी म्हटलं, असतात काही ठिकाणी. आणि दोन वाजता जाऊन पलीकडे बसलो.

आता तो सत्तेचाळीसचा आहे. सकाळी गाड्यांच्या तळावर पावत्या फाडतो, दुपारी इथे. बाकीचे पांगले. शेजारचा लोणचंवाला माझी जागा मागतोय, माझी मुलगी नागोयाला ये म्हणतेय, गुडघे तर रोजच म्हणतायत. पण बंद कसं करू? ह्या दारातून तो आत येतो तेव्हा कोणीतरी असतो, बाहेर पडला की पावत्या फाडणारा. आणि तुम्ही सॅक्रामेंटोहून त्याला आमंत्रण घेऊन आलात, आमागासाकीचा न हरलेला माणूस म्हणून. एवढंच मागतो — ते पाकीट खिशात राहू द्या. आणि जे पाहिलंत ते त्याच्या कानावर घालू नका.

दया? नाही, दया नका म्हणू. मलाही एकदा जिंकायचं होतं हो. एकदाच. कित्येकदा बोट बटणावर ठेवून बसलो.

काय म्हणालात?

नाही, पुन्हा सांगा. तुमचं जपानी चांगलं आहे, माझाच कान गेलाय. तुम्ही आधी त्याच्या मागे उभे होतात — बरं. मी पोट उघडं ठेवलं — बरं. आणि त्याने मारलंच नाही? थांबला? माझा दुसरा वार होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसला?

सिगरेटची तलफ आली असेल. किंवा बटण अडकलं असेल, त्या यंत्राचं तिसरं बटण अडकतं, कधीचं बदलायचंय मला.

नाही, पण... हे पाहा माझे हात. तीन वर्षं झाली थरथरतायत. डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. आता मी पूर्वीसारखं ठरवून हरू शकत नाही, निम्म्या वेळा खरंच हरतो — आणि तरी डाव केसाएवढ्याच अंतराने संपतो. रोज. मी समजत होतो, अजून जमतंय मला. मला वाटायचं, म्हाताऱ्या, वा.

म्हणजे ते अंतर तो राखतोय? तीन वर्षं? का पहिल्यापासून? चॉकलेट आणलं तेव्हा त्याला... तुम्ही विचाराल त्याला? नको. नको, विचारू नका. मीही विचारणार नाही. तो वळसा घालून इकडे आला नाही, मी तिकडे गेलो नाही, एकोणीस वर्षं झाली, आता कोण कोणाला काय विचारणार?

कॉफी राहू द्या, डबा मी टाकतो. तुम्ही भले माणूस आहात, पण आता उठा. पुढच्या दाराने जा, डावीकडे वळलात की स्टेशन. परत येऊ नका असं नाही म्हणत — येऊच नका मात्र.

आला तो. खुर्ची ओढल्याचा आवाज. जा ना, उभे काय राहिलात. त्याला ताटकळत ठेवलेलं मला चालत नाही.